मजला आणि पातळी : दुपातळी इमारतींच्या प्रतिमानाविषयी

इमारतीचे संगणकीय प्रतिमान रचणाऱ्या आज्ञावलीत पहिले काम पातळ्या आखण्याचे असते. सरळ उभ्या इमारतीत ते चटकन उरकते. परंतु ठाण्यास येऊरच्या पायथ्याशी किंवा मुंब्र्यास पारसिकच्या उतारावर एखादी इमारत पुढे खाली व मागे अर्ध्या मजल्याने वर बसवावयाची असेल, तर हेच काम घोटाळ्याचे मूळ ठरते. हा घोटाळा यंत्राचा कमी व शब्दांचा अधिक आहे; म्हणून भाषाभ्यासकाने त्यात लक्ष घालणे अप्रस्तुत ठरू नये.

‘मजला’ हा शब्द अरबी ‘मंझिल’वरून फारसीच्या द्वारे मराठीत आला, ‘मजल दरमजल’ यातील ‘मजल’ ही त्याची सख्खी बहीण. मूळ अर्थ वाटसरूने उतरावयाचे ठिकाण, मुक्काम. मजला ही उंची नव्हे. तो गणावयाचा मुक्काम होय. ही गणनाही एकसारखी नाही. ‘दुमजली घर’ म्हणताना आपण तळमजला धरतो आणि त्याच घराच्या वरच्या मजल्यास ‘पहिला’ म्हणताना तो वगळतो. याउलट ‘पातळी’ म्हणजे ठराविक शून्यापासून मोजलेली निव्वळ उंची. कोकणी घरात अंगण, पडवी, ओटी, माजघर यांच्या जमिनी पायरीपायरीने चढत जात, तरी त्यांस कोणी निरनिराळे मजले म्हटले नाही. पातळ्या अनेक आणि मजला एक, हा भेद आपल्या भाषाव्यवहारात पूर्वीपासून रुळलेला आहे.

समजा, एका इमारतीत पुढील भागाच्या जमिनी ०.००, ३.०० व ६.०० मीटरवर आणि मागील भागाच्या १.५०, ४.५० व ७.५० मीटरवर आहेत. पातळ्या सहा, मजले तीन. रेव्हिट या आज्ञावलीत सहाही पातळ्या आखाव्यात, परंतु ‘बिल्डिंग स्टोरी’ ही खूण पुढील तिहींनाच ठेवावी. नावे ‘तळ-पुढे’, ‘तळ-मागे’, ‘पहिला-पुढे’ अशी द्यावीत. चढत्या क्रमाने आकडे देत गेल्यास ४.५० मीटरवरील सदनिका ‘लेव्हल ४’ ठरते आणि करारनाम्यात तीच पहिल्या मजल्यावरची असते. आग लागली असता अग्निशमन दलास यांपैकी कोणता आकडा सांगावयाचा?

तळमजल्याचा आराखडा उघडताच दुसरी अडचण दिसते. आराखडा म्हणजे जमिनीपासून सामान्यतः १.२० मीटरवर घेतलेला आडवा छेद. मागील जमीन १.५० मीटरवर असल्याने हा छेद तिच्या खालूनच जातो आणि तेथील दारे-खिडक्या कागदावर उमटत नाहीत. यासाठी नव्या पातळीची गरज नसते. ‘प्लॅन रिजन’ने तेवढ्या भागापुरती छेदाची उंची वाढवावी. स्नानगृहाखालच्या खोल बसविलेल्या स्लॅबसाठीही (ज्यास बांधकामावर ‘संकन’ म्हणतात) कोणी स्वतंत्र पातळी आखू नये. फरशीची उंची तेथे उणे करून भागते.

शून्य कोठे मानावयाचे, हा प्रश्न कल्याण-डोंबिवलीस विशेष महत्त्वाचा आहे. २६ जुलै २००५ च्या पुरात उल्हास नदीचे पाणी कल्याण परिसरात शिरले, तेव्हा जोते रस्त्यापासून किती उंच आहे एवढे ठाऊक असणे पुरेसे नव्हते, कारण रस्ताच पाण्याखाली होता. म्हणून प्रतिमानातील शून्य तळमजल्याच्या तयार फरशीवर ठेवावे आणि त्या फरशीची समुद्रसपाटीपासूनची उंची सर्वेक्षणबिंदूत स्वतंत्रपणे नोंदवावी. एकाच आकड्यावर दोन्ही कामे सोपविणे धोक्याचे आहे.

निरनिराळ्या आज्ञावलींत देवाणघेवाण करण्यासाठी जी आय.एफ.सी. पद्धती आहे (आय.एस.ओ. १६७३९), तिने हा भेद ओळखला आहे. तीत मजल्याचे ‘कॉम्प्लेक्स’, ‘एलिमेंट’ व ‘पार्शल’ असे तीन प्रकार मानले आहेत. मागील भाग स्वतंत्रपणे गणावयाचा असेल, तर तो तिसऱ्या प्रकारात घालावा. त्यास मी ‘अंशमजला’ म्हणेन. ‘पोटमाळा’ हा जवळचा शब्द येथे चालणार नाही, कारण पोटमाळा मजल्याच्या पोटात असतो आणि अंशमजला त्याच्या शेजारी.