गुणाकार करण्याआधी

बावन्न पत्त्यांच्या कॅटमधून एक्का निघण्याची संभाव्यता १३ मध्ये १. काढलेला पत्ता परत ठेवून, पिसून दुसरा काढला, तर दोन्ही एक्के निघण्याची संभाव्यता १३ गुणिले १३, म्हणजे १६९ मध्ये १. पत्ता परत ठेवला नाही, तर उरलेल्या ५१ पत्त्यांत तीनच एक्के राहतात आणि उत्तर २२१ मध्ये १ होते. पहिल्या वेळी घटना स्वतंत्र होत्या. दुसऱ्या वेळी एकीने दुसरीची संभाव्यता बदलली. म्हणून गुणाकार करण्याआधी स्वातंत्र्य सिद्ध करायला हवे, आणि ती जबाबदारी गुणणाऱ्याची.

इंग्लंडमधल्या सॅली क्लार्क या वकील महिलेचे दोन तान्हे मुलगे १९९६ आणि १९९८ मध्ये अचानक दगावले. १९९९ च्या खुनाच्या खटल्यात बालरोगतज्ज्ञ रॉय मेडो यांनी साक्ष दिली, की अशा सुखवस्तू, धूम्रपान न करणाऱ्या घरात बाळाचा अकस्मात, कारण न सापडणारा मृत्यू ८,५४३ मध्ये एकदा होतो. या संख्येचा वर्ग करून त्यांनी दोन मृत्यूंची शक्यता सुमारे ७ कोटी ३० लाखांत एक ठरवली. पण सख्खे भाऊ एकाच आईबापांची गुणसूत्रे घेऊन एकाच घरात वाढतात. पहिल्याला भोवलेले कारण दुसऱ्यालाही भोवू शकते. गुणायला हवी होती ती, एक बाळ असे गेलेल्या घरात दुसरेही तसेच जाण्याची संभाव्यता. सॅली क्लार्कना जन्मठेप झाली.

हा संबंध किती घट्ट ते माहीत नसताना स्वातंत्र्य मानण्यावाचून काय गत्यंतर, असे कोणी विचारील. पण ‘संबंध शून्य आहे’ हेही एक ठाम विधानच आहे, आणि इथे ते आरोपीच्या विरोधात जाणारे होते. माहिती नसेल तर आकडा सांगू नये. रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीने २००१ मध्ये या आकड्याला संख्याशास्त्रीय आधार नसल्याचे जाहीर केले. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: शक्यता कितीही पट वाढली तरी दोन मृत्यू दुर्मीळच ना? दुर्मीळ खरेच, परंतु आईने दोन्ही बाळांचा खून करणे हेही अतिशय दुर्मीळ. मृत्यू तर घडून गेले होते. तोलायची होती दोन दुर्मीळ स्पष्टीकरणे, आणि ज्यूरीसमोर एकाचाच आकडा ठेवला गेला.

जानेवारी २००३ मध्ये त्यांची सुटका झाली, ती मुख्यतः दडून राहिलेल्या जंतूतपासणीच्या अहवालामुळे. मात्र आकड्याच्या मुद्द्यावर पूर्ण युक्तिवाद झाला असता, तर बहुधा तेवढ्यावरही अपील मंजूर केले असते, असे अपील न्यायालयाने निकालपत्रात नोंदवले.