सुखनाकाठची सायकलफेरी

चंदिगढची जमीन ईशान्येकडून नैर्ऋत्येकडे मंद उतरत जाते. त्यामुळे पहाटे दक्षिणेकडील सेक्टरांतून सुखना तलावाकडे निघालेल्या सायकलस्वाराला हलका चढ लागतो. परतताना मात्र तेच श्रम व्याजासह वसूल होतात. ल कॉर्बुझिए यांनी शहरातील रस्त्यांच्या सात श्रेणी आखल्या होत्या. सायकलमार्गाची आठवी श्रेणी नंतर जोडली गेली.

तलाव नैसर्गिक नाही. शिवालिक टेकड्यांतून येणाऱ्या ‘सुखना चो’ या हंगामी ओढ्यावर १९५८ मध्ये बांध घालून तो निर्माण करण्यात आला. बांधावर मोटारींना मज्जाव असावा, हा कॉर्बुझिए यांचा आग्रह. तेथील वाट पादचाऱ्यांची. सायकल खाली लावून वर चढावे, हेच उत्तम. कॉर्बुझिए यांचे नातलग व सहकारी प्येर जाँनरे यांची रक्षा याच पाण्यात १९७० मध्ये विसर्जित झाली.

पुढे कैंबवाला गावाकडे वळताच शहर संपते आणि टेकड्या जवळ येतात. तलावाचे खरे दुखणे येथेच उमगते. शिवालिकची माती भुसभुशीत. प्रत्येक पावसाळ्यात ती वाहून तळाशी साचते आणि पाण्याची जागा व्यापते. ताळेबंदातील घसाऱ्यासारखेच हे, फक्त येथे तरतूद झाडांची व लहान बंधाऱ्यांची करावी लागते. त्यासाठीच पाणलोट क्षेत्रात वनीकरण झाले. १९९८ मध्ये तेथे अभयारण्य घोषित झाले. मार्च २०२० मध्ये पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने तलावाला ‘सजीव अस्तित्व’ मानून चंदिगढच्या नागरिकांना त्याचे पालक ठरविले.