आपला राग कोण ऐकतंय?

२० ऑगस्ट २०२४, मंगळवार. कर्जत-कल्याण लाइनवरून कॉलेजला जाणाऱ्यांना हा दिवस तारखेसकट आठवत असेल. सकाळीच बदलापूर स्टेशनात लोक रुळांवर उतरले आणि जवळपास दहा तास गाड्या अडवून बसले. कारण तुम्हाला माहीत आहे. शाळेच्या टॉयलेटमध्ये दोन चिमुरड्यांवर सफाई कर्मचाऱ्याने अत्याचार केल्याचा आरोप होता. रुळांवर एकच घोषणा घुमत होती, ‘फाशी द्या!’ आपण तिथे नव्हतो, पण आपल्या स्टोरीजवरही तेच होतं. काळा डीपी, लाल अक्षरं, ‘फाशी द्या.’

हा राग फुकट गेला का? अजिबात नाही. तक्रार नोंदवून घ्यायला पोलिसांनी तासन्‌तास लावल्याचा आरोप होता. लोक रस्त्यावर आल्यावर तीन पोलीस निलंबित झाले, एसआयटी नेमली गेली आणि मुंबई हायकोर्टाने स्वतःहून दखल घेतली. पुढे ऑक्टोबरमध्ये शाळेच्या दोन पदाधिकाऱ्यांनाही अटक झाली. त्यामुळे ‘रस्त्यावर उतरून काय होतं?’ असं कुणी म्हणालं, तर त्याला हे खुशाल ऐकवा.

पण त्याच रागाने आणखीही काही केलं. आरोपीच्या नातेवाइकांच्या घरावर जमाव चालून गेला. मुलींच्या प्रकृतीबद्दल वाट्टेल त्या अफवा व्हॉट्सअपवर फिरल्या. २३ सप्टेंबरला पोलिसांच्या गाडीत गोळी लागून आरोपीचा मृत्यू झाला, तेव्हा बदलापुरात फटाके फुटले, पेढे वाटले गेले. ‘बदला पुरा’ अशी पोस्टर्स झळकली. आपल्यातल्या अनेकांनी ती फॉरवर्डही केली. जानेवारी २०२५मध्ये दंडाधिकाऱ्यांच्या चौकशी अहवालाने त्या मृत्यूला पाच पोलिसांना जबाबदार धरलं, तोवर आपण पुढच्या ट्रेंडवर पोचलो होतो. आरोपीवरचा खटला उभाच राहिला नाही. त्या दोन मुलींच्या बाबतीत नेमकं काय घडलं, हे त्याच्यासमोर, पुराव्यानिशी, कोर्टात कधीच ठरणार नाही.

आता एक गंमत बघा. म्हणजे गंमत नव्हेच ती. ‘फाशी द्या’ हे आपण सरकारला ऐकवत असतो. पण घरात टीव्ही चालू असतो, बाबा तावातावाने बोलत असतात आणि शेजारी पाच-सहा वर्षांचं एखादं पोर खेळत बसलेलं असतं. तेही ऐकत असतं.

केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७मध्ये एक मोठा अभ्यास प्रसिद्ध केला होता. १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांशी बोलून. त्यातल्या ५३.२२ टक्के मुलांनी लैंगिक छळाचा कुठला ना कुठला प्रकार वाट्याला आल्याचं सांगितलं. निम्म्या प्रकरणांत छळणारा ओळखीचा किंवा मुलाचा विश्वास असलेला माणूस होता. आणि बहुतेक मुलांनी ते कुणालाच सांगितलं नव्हतं.

आता त्या पोराच्या जागी बसून पाहा. त्रास देणारा जर मामा असेल, शेजारचा दादा असेल, शिकवणीचे सर असतील, तर ‘असल्यांना फाशीच पाहिजे’ हे ऐकून ते पोर बोलेल? की ‘मी सांगितलं तर मामाला मारून टाकतील, आई रडेल, सगळे माझ्यावर चिडतील’ असं समजून अजूनच गप्प बसेल? २०१९मध्ये पोक्सो कायद्यात दुरुस्ती होऊन सर्वांत गंभीर गुन्ह्यांसाठी मृत्युदंडाची तरतूद आलीही. ती असावी की नसावी यावर वाद घाला, जरूर घाला. पण शिक्षा ही शेवटची पायरी आहे. पहिली पायरी म्हणजे मुलाने बोलणं आणि कुणीतरी ते खरं मानणं. आपला सगळा आवाज मात्र शेवटच्या पायरीवरच असतो.

दुसरी गोष्ट नावाची. २०१८मध्ये कठुआतल्या आठ वर्षांच्या मुलीचं नाव हॅशटॅग होऊन देशभर फिरलं, फोटोसकट. आपण तेव्हा शाळेत होतो. तिची ओळख उघड केल्याबद्दल दिल्ली हायकोर्टाने अनेक माध्यमसंस्थांना प्रत्येकी १० लाख रुपये भरायला लावले. पोक्सोच्या कलम २३नुसार मुलाचं नाव, फोटो, पत्ता, शाळा, कुटुंब, ओळख पटेल असं काहीही प्रसिद्ध करता येत नाही. ‘न्याय मिळावा म्हणूनच टाकलं होतं’ ही सबब चालत नाही. मुलगी मोठी होते, दहावीला जाते, तुमच्यासारखी कॉलेजला येते. तेव्हा ती ‘त्या केसमधली’ म्हणून ओळखली जावी, असं तुम्हाला वाटतं का?

मग राग आला की करायचं काय? गप्प बसायचं? नाही. थोडं वेगळं बोलायचं.

फॉरवर्ड करण्याआधी बघा. त्यातून मूल ओळखू येतंय का? येत असेल तर तिथेच डिलीट करा, आणि ग्रुपवर तसं सांगाही. ग्रुपमधला काका चिडेल, चिडू दे.

‘फाशी कधी?’सोबत ‘तक्रार किती वेळात नोंदवली? शाळेने कधी कळवलं? खटला कुठवर आला?’ हेही विचारा. आणि सहा महिन्यांनी पुन्हा विचारा.

कायदाही माहीत करून घ्या. असा गुन्हा घडल्याचं कळलं, तर पोलिसांना कळवणं पोक्सोच्या कलम १९नुसार बंधनकारक आहे. घराण्याची अब्रू, शाळेचं नाव, ही कारणं कायद्याला मान्य नाहीत. चाइल्ड हेल्पलाइनचा नंबर १०९८. मुलाचा जबाब घेताना पोलिसांनी गणवेशात असायचं नाही, हेही त्याच कायद्यात लिहिलंय. ‘पोलीस स्टेशन म्हटलं की पोर घाबरेल’ असं म्हणणाऱ्यांना हे सांगा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं घरातलं. तुमची धाकटी चुलतबहीण कधीतरी म्हणेल, ‘मला त्या काकांकडे नाही जायचं.’ मोठी माणसं पटकन म्हणतात, ‘असं नाही बोलायचं, काका किती लाड करतात तुझे!’ त्या वेळी तुम्ही मध्ये पडा. तिला जवळ घेऊन एवढंच म्हणा, ‘नको जाऊस. का नको, ते तुला वाटेल तेव्हा मला सांग. मी रागावणार नाही.’

याची स्टोरी टाकता येणार नाही. पण ज्याने ऐकायला हवं, ते मूल ऐकेल.