श्वासाचा रुग्ण आणि त्याची खोली

श्वासाचा रुग्ण आला की आपण त्याचा आहार, कोष्ठ व अग्नी विचारतो. तो जेथे श्वास घेतो ती खोली मात्र क्वचितच विचारतो. वास्तविक चरकसंहितेत चिकित्सास्थानाच्या सतराव्या अध्यायात हिक्का-श्वासाच्या हेतूंमध्ये रज, धूम व शीत स्थान यांची स्पष्ट गणना आहे.

सोलापुरास हा विचार विशेष लागू पडतो. १८७७ साली येथे जुनी गिरणी सुरू झाली. मोठ्या गिरण्या पुढे बंद पडल्या, तरी चादरी व टॉवेल विणणारे यंत्रमाग राहिले. कापसाबरोबर आलेल्या पानकाडीवर ग्रॅम-निगेटिव्ह जिवाणू असतात. ते मेले तरी त्यांच्या आवरणातील एंडोटॉक्सिन धुळीत टिकते व श्वासमार्गात शोथ उत्पन्न करते. कापसाच्या धुळीने होणाऱ्या बिसिनोसिस या व्याधीत त्याचा मोठा वाटा मानला जातो. सुट्टीनंतर कामावर परतल्याच्या पहिल्या दिवशी छाती आवळते, पुढे उतार पडतो, ही त्याची खूण. कालांतराने मात्र त्रास नित्याचा होतो. पिंजण व सूतकताईत ही धूळ सर्वाधिक; मागावर कमी, परंतु मुळीच नसते असे नाही.

येथील हवा कोरडी, म्हणून बुरशीकडे आपले लक्ष जात नाही. परंतु घरी विड्या वळणाऱ्या भगिनी तेंदूची पाने भिजवून ओल्या फडक्यात ठेवतात. त्यात तंबाखूच्या धुळीची भर पडते. क्षयाचे जंतूही बंद खोलीच्या हवेत तासन्‌तास तरंगत राहतात.

अशा रुग्णास सितोपलादी चूर्णाने वा वासावलेहाने उपशम मिळेल. पण हेतू कायम राहिला तर फुप्फुसांचा ऱ्हास थांबणार नाही. सुश्रुतोक्त धूपन आदरणीय आहेच, तथापि धूम हाही श्वासाचा हेतू होय. म्हणून रुग्ण खोलीत असता धूपन करू नये. नंतर दारे-खिडक्या उघडाव्यात.

औषधालयांच्या कोठारांसही हाच न्याय. दमट जागी काष्ठौषधींवर बुरशी वाढून अफ्लाटॉक्सिन उत्पन्न होऊ शकते आणि काढा उकळल्याने ते नाहीसे होत नाही. पोती भिंतीपासून दूर, फळ्यांवर ठेवावीत. बुरशी लागलेला माल वाळवून न वापरता टाकून द्यावा.

काम कोणते, झोपण्याची खोली कशी, सुट्टीत बरे वाटते काय, हे तीन प्रश्न प्रत्येक रुग्णपत्रिकेवर असावेत, असे आम्ही सुचवितो. खोकला दोन आठवड्यांहून अधिक असल्यास थुंकीची तपासणी अवश्य करवावी. निदानपरिवर्जन ही चिकित्सेची पहिली पायरी. तिचा आरंभ रुग्णाच्या खोलीपासून व्हावा.