साठी, बुद्धी आणि आपण

'साठी बुद्धी नाठी' ही म्हण आपल्याकडे लहान पोरांनाही ठाऊक असते. म्हातारे माणूस तेच तेच विचारू लागले की घरचे म्हणतात, "म्हातारचळ लागला." परंतु चष्मा कोठे ठेवला हे विसरणे वेगळे आणि चष्मा कशासाठी असतो हेच विसरणे वेगळे. हा दुसरा प्रकार म्हणजे स्मृतिभ्रंश. तो वयाचा दोष नव्हे, मेंदूचा विकार आहे.

त्याचे सर्वांत अधिक आढळणारे कारण म्हणजे अल्झायमरचा रोग. आलॉइस अल्झायमर या जर्मन डॉक्टरांनी १९०६ साली त्याचे पहिले वर्णन केले. मेंदूतील पेशी हळूहळू नष्ट होतात. बहुधा नव्या आठवणी आधी जातात, जुन्या मागे राहतात. म्हणूनच माझ्या आजीला सकाळचे जेवण आठवत नाही, पण माहेरच्या बैलांची नावे तोंडपाठ आहेत. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीनुसार भारतात साठीपुढील सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे.

तो मुळापासून बरा करणारे औषध अद्याप नाही. तरी डॉक्टरांना दाखवलेच पाहिजे. कारण थायरॉइडचा बिघाड किंवा बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता यांनीही विस्मरण होते आणि ते उपचारांनी सुधारू शकते.

बाकी सारी भिस्त शुश्रूषेवर. रोग्याशी वाद घालू नये. आजी "जेवायला वाढा" म्हणाली की आई "आत्ताच जेवलात ना" म्हणत नाही. हातावर थोडे चुरमुरे ठेवते. वस्तूंच्या जागा बदलू नयेत, रात्री मोरीकडे दिवा असावा, कपड्यात नाव-पत्त्याची चिठ्ठी शिवावी.

पण शुश्रूषा करणारीचे काय? "गुरे सोडायची राहिली" म्हणत आजी मध्यरात्री कडी काढते, तेव्हा आईच उठते. दोन वर्षांत ती माहेरी गेलेली नाही. लोक म्हणतात, "सूनच ती, करायलाच हवे." अखंड जागरणाने आणि एकटेपणाने अशी माणसे स्वतःच आजारी पडतात, हे कोणी ध्यानात घेत नाही. आता आमच्या घरी पाळ्या लावल्या आहेत. रविवारची रात्र माझी आणि दिवाळीनंतर पंधरा दिवस आत्याचे.

ज्यांच्या घरी पाळीला दुसरे माणूसच नाही त्यांनी काय करावे? आपल्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आपण रस्ते झाडतो, झाडे लावतो. त्याच विद्यार्थ्यांनी आठवड्यातून दोन तास अशा एखाद्या घरी जाऊन बसावे. तेवढ्या वेळात ती बाई निदान निवांत झोपेल.