अत्याचारपीडित बालकास साहाय्य : शिक्षकाचे कर्तव्य

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधील कामगारवस्ती असो वा लहानसे खेडे, बालकावर लैंगिक अत्याचार झाल्यास खटल्याचा निकाल लागेपर्यंत साहाय्य मिळत नाही, असा पालकांचा समज असतो. तो खरा नव्हे. बाल लैंगिक अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या २०२० च्या नियमांनुसार, गुन्हा नोंदल्यावर विशेष न्यायालय अंतरिम भरपाई देऊ शकते. आरोपी सापडला नाही, तरी भरपाईचा मार्ग बंद होत नाही. राज्याच्या २०१३ पासूनच्या मनोधैर्य योजनेचा अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे करावा लागतो, हे शिक्षकाने पालकांस समजावून सांगावे. अत्याचाराची माहिती कळताच पोलिसांस वर्दी द्यावी. ती न देणे हा अपराध आहे. बालकाचे नाव मात्र शाळेत वा गावात कोणासही कळू देऊ नये.