आकाशाचा पहारा

आपल्या वऱ्हाडात, बुलढाणा जिल्ह्यात, लोणारचे सरोवर आहे. पावणेदोन किलोमीटरांहून अधिक रुंदीचे हे विवर हजारो वर्षांपूर्वी आकाशातून प्रचंड वेगाने येऊन आदळलेल्या एका अशनीमुळे कठीण काळ्या पाषाणात निर्माण झाले. असा पाहुणा पुन्हा निघाला, तर त्याची चाहूल आपणांस आधी कशी लागावी?

त्यासाठी आकाशावर पहारा ठेवावा लागतो. अशा पहाऱ्याची एक मोठी योजना ज्यांनी सिद्धीस नेली, ते श्रीनिवास कुलकर्णी कोल्हापूर जिल्ह्यातील कुरुंदवाड येथे १९५६ साली जन्मले. त्यांचे शालेय शिक्षण हुबळीस झाले. पुढे ते दिल्लीच्या आय.आय.टी.त आणि तेथून अमेरिकेतील बर्कली विद्यापीठात गेले. सेकंदास ६४२ वेळा स्वतःभोवती फिरणारा तारा १९८२ साली ज्यांनी शोधला त्यांत ते होते, आणि तेव्हा ते विद्यार्थीच होते!

कॅलिफोर्नियातील पालोमार पर्वतावर ४८ इंची जुनी दुर्बीण आहे. तिला त्यांच्या नेतृत्वाखाली नवा कॅमेरा बसविण्यात आला. दोनशेंहून अधिक पूर्णचंद्र मावतील एवढे आकाश तो एका छायाचित्रात टिपतो. २०१८ साली सुरू झालेल्या या योजनेस झ्विकी या शास्त्रज्ञाचे नाव दिलेले आहे. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला 'झेडटीएफ' म्हणतात. वास्तविक तिचा मुख्य हेतू स्फोट पावणारे तारे शोधणे हा होता. परंतु जो सदैव जागा राहतो, त्यास इतरही पुष्कळ दिसते.

बडनेऱ्याच्या स्थानकावर रात्री उभे राहून पाहा. सिग्नलचे दिवे जागच्या जागी असतात. येणाऱ्या गाडीचा दिवा तेवढा सरकतो. त्याचप्रमाणे एकाच भागाची छायाचित्रे ताडून पाहिली असता तारे स्थिर दिसतात आणि लघुग्रहाचा ठिपका पुढे गेलेला आढळतो. हे ताडण्याचे काम आता संगणक करतो. मात्र एका रात्रीच्या वेधाने भागत नाही. पुन्हा पुन्हा वेध घेतले म्हणजे त्याची कक्षा ठरते, आणि तो पृथ्वीच्या वाटेत येईल की नाही हे तेव्हाच सांगता येते.

जानेवारी २०२० मध्ये या कॅमेऱ्याने एक लघुग्रह टिपला. त्याची संपूर्ण कक्षा शुक्राच्या कक्षेच्या आत आहे; असा लघुग्रह तोपर्यंत कोणासही ठाऊक नव्हता. मार्च २०२२ मध्ये एक धूमकेतू सापडला. पूर्वी धूमकेतूस शोधणाऱ्या माणसाचे नाव मिळे. यास मात्र 'झेडटीएफ' हे योजनेचेच नाव मिळाले. फेब्रुवारी २०२३ च्या आरंभी हा हिरवट धूमकेतू पृथ्वीपासून सुमारे सव्वाचार कोटी किलोमीटर अंतरावरून गेला, आणि काळोख्या ठिकाणाहून साध्या दुर्बिणीतूनही तो दिसत असे.